रोमन चांदीच्या नाण्यावरचा बादशहा: तोंड बघायचं की टंच?

चांदीवाला_हुपरी

नमस्कार मंडळी. मी हुपरीचा. धंदा घरचाच, चांदीचा. पैंजण, जोडवी, कमरपट्टे, म्हणाल ते. इतिहास शाळेपुरताच, पण चांदी हातात आली की बोटांना कळतं काय माल आहे ते.

कोल्हापूरचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, नाण्यांचा नाद असलेलं. मुंबईच्या लिलावात घेतलेलं एक रोमन नाणं घेऊन आले आणि म्हणाले, "याला कडी लावून द्या, बायकोच्या गळ्यात घालायचंय." मी म्हटलं, ठेवून जावा, बघतो. ते गेल्यावर भिंग लावून बसलो.

वजन ३.६८ ग्रॅम. गोल म्हणायचं, पण गोल नाही. एकीकडं १८ मिलिमीटर भरतंय, दुसरीकडं जरा कमी. आमच्या टंच मशीनवर (टंच म्हणजे चांदीचा कस) चांदी ९७ टक्क्यांच्या वर दाखवली. पुढच्या बाजूला उजवीकडं तोंड करून एक माणूस, डोक्यावर पानांची माळ, मानेवर केस रुळलेले, सरळ नाक आणि ओठ असे आवळलेले की जणू समोर कुणी उधारी मागायला उभं आहे. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात फांदी. खुर्चीच्या पायांना नक्षी आहे राव! एवढ्याशा जागेत! गिऱ्हाइकाच्या कागदावर "तिबेरियस, देनारियस, इ. स. १४ ते ३७, लुग्दुनुम टांकसाळ" एवढंच लिहिलंय.

आणि बादशहाच्या गालावर छिन्नीचा घाव. घासून झालेला ओरखडा नव्हे. एका दणक्यात, तिरका, आतली चांदी दिसेल इतका खोल.

आता माझे प्रश्न. हा चेहरा खरंच त्या माणसाचा, का कारागिरानं मनानं काढलेला? ती बाई कोण? घाव कुणी घातला, राजावर राग होता का? आणि खरा प्रश्न हा की त्या काळी लोक नाणं घेताना तोंड बघायचे का चांदी? आमच्यात छापाला किंमत असते, पण छाप मारणाऱ्याची पत आहे तोवरच.

कडी लावावी का नको, तेही सांगा. गिऱ्हाईक घाई करतंय.

---

निवृत्त_बाई

हुपरीकर, तुम्ही वर्णन असं केलंत की फोटो मागायची गरज उरली नाही. (मी साताऱ्याची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त. असली नाणी विकत घ्यायची ऐपत कधी नव्हती. संग्रहालयांच्या काचेला नाक लावून जे शिकता आलं ते शिकले.)

आधी कडीचं. लावू नका. दोन हजार वर्षं जमिनीत पडलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते, वरून कितीही लखलखीत दिसो. डाग द्यायला ज्योत लावलीत आणि तडा गेला तर नाणंही गेलं आणि गिऱ्हाईकही. फारच हट्ट असेल तर बाहेरून पकडणारी चौकट करून द्या, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

पुढच्या बाजूचा मजकूर असा आहे: तिबेरियस सीझर, देव ऑगस्टसचा मुलगा, ऑगस्टस. मागे मुख्य पुरोहिताची पदवी. यातल्या "देव ऑगस्टसचा मुलगा" या शब्दांपाशी जरा थांबा. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला आणि सिनेटने त्याला रीतसर देव जाहीर केलं. तिबेरियस त्याच्या बायकोचा पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा, मागाहून दत्तक घेतलेला, आणि त्याच्यानंतरचा सम्राट. गादीवरचा त्याचा सगळा हक्क त्या दत्तकविधानावर उभा. मग दत्तकपत्र कुठं लावायचं? सैनिकाच्या मुठीत! सैनिकाचा पगार तेव्हा वर्षाला २२५ देनारियस (म्हणजे हेच चांदीचं नाणं) होता आणि तो तीन हप्त्यांत मिळायचा. म्हणजे वर्षातून तीनदा प्रत्येक शिपायाला हा दाखला नव्याने हातात पडणार. वर्तमानपत्र नसलेल्या काळात याहून खात्रीचं टपाल कुठलं?

चेहरा मनाने काढलेला नाही. राजधानीतून मंजूर झालेला नमुना असायचा, त्यावरून पुतळे व्हायचे आणि त्याच धर्तीवर ठसेवाले उलटा चेहरा पोलादात किंवा काशात कोरायचे. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, म्हणून नाक थोडं इकडेतिकडे होतं. मानेवरच्या केसांचं तुम्ही लिहिलंत ना, सुएतोनियस नावाच्या चरित्रकाराने तिबेरियसचं नेमकं तेच लिहून ठेवलंय, की त्याचे केस मागे मान झाकतील इतके लांब असत. हे त्याने सुमारे शंभर वर्षांनी लिहिलं. नाणं मात्र त्या माणसाच्या हयातीतलं.

बाईबद्दल तज्ज्ञ अजून भांडतात. बहुतेकांना ती लिव्हिया वाटते, म्हणजे ऑगस्टसची विधवा आणि तिबेरियसची आई, शांतिदेवतेच्या रूपात बसलेली. नाण्यावर नाव कुठेच नाही. मला वाटतं ते मुद्दामच असावं: ज्याला आई दिसायची त्याला आई दिसावी, ज्याला देवी हवी त्याला देवी. खुर्चीच्या पायांवरून अभ्यासक या नाण्याचे आधीचे-नंतरचे प्रकार पाडतात, तेव्हा तुमचं लक्ष बरोबर जागी गेलं. राज्य २३ वर्षांचं, आणि सुरुवातीची एकदोन वर्षं सोडली तर चांदीत जवळजवळ हा एकच छाप. येशूला कराबद्दल विचारतात तेव्हा तो एक देनारियस मागवून घेतो आणि यावर चित्र कोणाचं असं विचारतो, ते नाणं हेच असावं अशी परंपरा आहे. तुमच्या गिऱ्हाइकाने जे चार पैसे जास्त मोजले असतील ते त्या गोष्टीचे.

पण जिवंत माणसाचं तोंड नाण्यावर ही रोमची जुनी रीत मुळीच नव्हे. देनारियस सुरू झाला इ. स. पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध चालू असताना. त्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे घोड्यांवरचे दोन जुळे देवबंधू. पुढची दीडशेहून जास्त वर्षं देव, पूर्वज, रथ, हत्ती, काय वाटेल ते आलं, पण रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणूस छापला गेला नाही, कारण तोंड छापणं हे राजाचं काम आणि राजा म्हटलं की रोमनांच्या कपाळाला आठी. इ. स. पू. ४४ च्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने ती रीत मोडली, "कायमचा हुकूमशहा" अशा शब्दांसकट. १५ मार्चला त्याला भोसकून मारलं. मारणाऱ्यांपैकी ब्रूटसने दोनेक वर्षांत स्वतःचं नाणं पाडलं: मागे दोन खंजीर, मधे मुक्त केलेल्या गुलामाची टोपी, खाली १५ मार्च ही तिथी. आणि पुढे? ब्रूटसचं स्वतःचं तोंड! राजेशाहीच्या विरोधात खून करणारा माणूस. मला हे नाणं फार आवडतं, वर्गात कधीही सांगितलं तरी पोरं हसायची.

घावाबद्दल आणि तुमच्या खऱ्या प्रश्नाबद्दल जेवण करून लिहिते.

---

मंदार_लिओं

बाईंचं पुढचं येईपर्यंत माझी एक भर. लुग्दुनुम म्हणजे आत्ताचं फ्रान्समधलं लिओं, मी नोकरीनिमित्त इथंच आहे. फूर्विएर टेकडीवर रोमन नाट्यगृह आहे आणि त्याला चिकटून संग्रहालय. ऑगस्टसने इ. स. पू. १५ च्या सुमारास सोन्याचांदीची टांकसाळ इथं आणली. रोममध्ये का नाही, असं मला आधी वाटायचं. पण ऱ्हाईन नदीवरच्या पलटणींचा पगार इथून जवळ पडायचा. टांकसाळीवर पहाऱ्याला खास शहरी तुकडी होती, आणि त्या तुकडीतल्या एका शिपायाच्या थडग्याच्या दगडावर ती "टांकसाळीजवळची" असल्याचं कोरलेलं आहे.

म्हणजे हे नाणं इथं पडलं, आणि पोचलं कोल्हापूरला. रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो तिथून. भारी वाटलं.

---

खवचट_खान

घाव म्हणजे उघड आहे. आपल्या लोकांनी परकी सम्राटाचा निषेध केला. याला म्हणतात स्वाभिमान.

---

निवृत्त_बाई

खानसाहेब, स्वाभिमान असता तर नाणं घेतलंच नसतं. लोकांनी ते घेतलं, साठवलं आणि मडक्यात घालून पुरलं.

भारतात रोमन नाण्यांचे साठे सापडलेत ते मुख्यतः दक्षिणेत, कोइम्बतूर-करूरच्या पट्ट्यात आणि आंध्र-तेलंगणात. १८९८ मध्ये पुदुकोट्टैजवळ सोन्याची ५०१ नाणी मिळाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावर असाच आडवा घाव. सोन्यावरच्या त्या घावांबद्दल मतं अनेक आहेत: चलनातून बाद केल्याची खूण, मूर्ती मोडण्याचा प्रकार, शुद्धतेची चाचणी. चांदीवरच्या घावाला मात्र मला सरळ सराफी कारण दिसतं. देनारियसमध्ये खोटी नाणी भरपूर होती, आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा. खुद्द रोममध्येही परीक्षक नाणं ठोकून, टोचून, वास घेऊन पाहायचे. पेट्रोनियस या लेखकाचं एक पात्र म्हणतं की सराफाचा धंदा कठीण, त्याला चांदीतून तांबं दिसावं लागतं. घाव घातला की आतलं दिसतं. तो गालावरच बसला कारण गाल हा नाण्याचा सगळ्यात उंच भाग.

आता गंमत बघा. सुएतोनियसच सांगतो की तिबेरियसच्या काळात ऑगस्टसचं चित्र असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचालयात किंवा वेश्येकडे गेलं तरी राजद्रोहाचा खटला होऊ लागला होता. पुढे सम्राट काराकाल्लाच्या वेळी एक तरुण सरदार असंच नाणं घेऊन कुंटणखान्यात गेला म्हणून तुरुंगात पडला, शिक्षा मृत्यूची होती, आणि वाचला तो सम्राटच आधी मेला म्हणून. रोममध्ये त्या तोंडाला एवढा धाक. आणि तेच तोंड आपल्याकडच्या कुठल्याशा पेठेत आडवं ठेवून कुणी छिन्नी हाणतंय, रागलोभ काही नाही, आत तांबं आहे का एवढंच बघायचंय!

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: राज्याच्या हद्दीत तोंड, हद्दीबाहेर टंच. याला दोन जुने साक्षीदार आहेत. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत तांबड्या समुद्राचा कर गोळा करणाऱ्या एका मक्तेदाराचा माणूस वाऱ्याने भरकटून श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याच्याजवळचे देनारियस पाहिले आणि तो चकित झाला, कारण तोंडं वेगवेगळ्या माणसांची आणि वजन सगळ्यांचं सारखं! त्यावरून त्याने रोमनांच्या सचोटीची परीक्षा केली आणि चार राजदूत रोमला पाठवले. प्लिनीला यात रोमची फुशारकी मारायची आहे, हे सोडून द्या. पण राजाने तोंडं पाहिली ती मोजायला, नमस्कार करायला नव्हे. दुसरा साक्षीदार रोमन इतिहासकार टॅसिटस. जर्मन टोळ्यांबद्दल तो सांगतो की त्यांना जुनीच नाणी हवीत, कडेला दात पाडलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची. ती प्रजासत्ताकाच्या काळातली, म्हणजे तेव्हा शंभर-दोनशे वर्षं जुनी. नवा सम्राट कोण, याच्याशी जर्मनांना कर्तव्य नव्हतं.

---

चांदीवाला_हुपरी

बाई, नमस्कार. कडीचं गिऱ्हाइकाला सांगितलं. जरा नाराज झाले, पण चौकटीला तयार आहेत.

घावाचं पटलं. आमच्यातही शंका आली की लगडीला छिन्नीनं चीर देऊनच बघतात. मशीन आलं तरी जुने व्यापारी चीर दिल्याशिवाय माल उचलत नाहीत आणि ते बरोबरच करतात. कसं ते सांगतो, म्हणजे रोमनांचंही कळेल.

टंच मशीन वरचा पापुद्रा वाचतं. आत काय आहे ते त्याला कळत नाही. चांदीत तांबं घातलेला दागिना तापवला की वर काळपट थर येतो, ते तांबं असतं. मग तो पातळ ॲसिडात सोडायचा. वरचं तांबं निघून जातं, चांदी राहते आणि दागिना दुधासारखा पांढरा होतो. जितक्या वेळा तापवाल आणि सोडाल तितका वरचा थर शुद्ध. आत ८० चा माल असला तरी वरून ९० च्या पुढं वाचेल. याला कुणी फसवणूक म्हणत नाही, उजाळा देण्याची ती रीतच आहे. पण हे ज्याला माहीत नाही तो फसतो.

माझा विचार असा की रोमन टांकसाळीतही चकती ठोकायच्या आधी तापवत असणार, त्याशिवाय छाप उठायचा नाही. मग वरचा थर शुद्ध झालाच. म्हणजे आज जे लोक जुन्या नाण्याला मशीन लावून टंच सांगतात, ते कितपत खरं? या तिबेरियसला चीर आधीच आहे, म्हणून मी मशीनचा डोळा मुद्दाम चिरेवर धरून परत वाचलं. ९६ च्या आसपास. म्हणजे आत-बाहेर फार फरक नाही, माल चोख आहे. ज्यानं कुणी दोन हजार वर्षांमागं घाव घातला त्याचंही समाधान झालं असणार.

पण मग पुढच्या राजांनी टंच कधी पाडला? कुणीतरी पाडलाच असणार. सगळेच पाडतात.

---

निवृत्त_बाई

हुपरीकर, तुम्ही जे लिहिलंत त्यावर संशोधकांची कित्येक वर्षं गेली आहेत! टंच पाडला सम्राट नीरोने, इ. स. ६४ मध्ये, रोमला मोठी आग लागली त्याच वर्षी. तोवर एका रोमन पौंड चांदीत ८४ देनारियस पडायचे, त्याने ९६ पाडले. तांबंही मिसळलं. किती? जुन्या पुस्तकांत चांदी सुमारे ९३ टक्के दिलेली असायची. मग केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या दोघा ब्रिटिश संशोधकांनी नाण्यांच्या कडेला बारीक भोक पाडून आतला कीस काढून तपासला, आणि आकडा निघाला ८० च्या आसपास. वरचा पापुद्राच सगळ्यांना फसवत होता. तुम्ही भिंग घेऊन दुकानात बसून तेच सांगितलंत.

आणि भारतात काय दिसतं? चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचीच गर्दी. त्यातही दोनच छाप: तुमचा हा, आणि ऑगस्टसचा तो, ज्यावर मागे त्याचे दोन दत्तक नातू ढाली-भाले घेऊन उभे आहेत, गायस आणि लुसियस. वारसांची जाहिरात. दोघेही ऑगस्टसच्या आधी गेले, एक इ. स. २ मध्ये, दुसरा ४ मध्ये. वारस संपले, जाहिरात मात्र आपल्याकडे इतकी मान्य झाली की त्याच्या देशी नकलाही निघाल्या, अक्षरं न कळता नुसती रेघोट्यांसारखी उतरवलेली. ६४ नंतरचं चांदीचं नाणं भारतात फार थोडं सापडतं. इथल्या व्यापाऱ्याला टंच पडल्याचं कळलं म्हणा, किंवा रोमन व्यापाऱ्यालाच ठाऊक होतं की तिकडे जुनाच माल चालतो म्हणा.

नीरोची चेष्टा पुढे तत्त्वज्ञांनीही केली. एपिक्टेटस माणसाच्या स्वभावाची तुलना नाण्याशी करतो: छाप कोणाचा? ट्रेजनचा? आण इकडे. नीरोचा? फेकून दे, कुजका आहे. आणि तरीही, माझ्या डोळ्यांना नीरोच्या त्या शेवटच्या वर्षांतले चेहरे रोमन नाण्यांतले सर्वांत देखणे वाटतात. जाड मान, दुहेरी हनुवटी, कुरळ्या केसांच्या ओळी, कारागिराने काही लपवलं नाही. राज्याच्या सुरुवातीला, ५४ मध्ये, तोच मुलगा आईच्या तोंडासमोर तोंड करून छापलेला आहे, अग्रिपिनाच्या. वर्षभरात आई मागे सरकते, मग नाण्यावरून जाते, आणि ५९ मध्ये जगातून. तो क्रम नाण्यांवर सरळ वाचता येतो.

पुढची उतरण भराभर सांगते. सेप्टिमियस सेव्हेरसने चांदी निम्म्यावर आणली. २१५ मध्ये काराकाल्लाने नवं नाणं काढलं, किंमत दोन देनारियसची समजली जाते आणि चांदी दीडाची. ते दुप्पट आहे हे ओळखायचं कशावरून? सम्राटाच्या डोक्यावर पानांच्या माळेऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट! अर्धा देनारियस मुकुटाने भरून काढला. इ. स. २७० च्या सुमारास त्याच नाण्यात चांदी पाच टक्केसुद्धा राहिली नव्हती, तांब्यावर नुसता मुलामा. आणि छाप काय? तेव्हाच्या सम्राट गॅलिएनसचा बाप व्हॅलेरियन इराणच्या शापूरने २६० मध्ये जिवंत पकडून नेला, निम्मे सेनापती बंड करून उठले, आणि नाण्यांवर "सैन्याची निष्ठा", "विजय", "शांती". चांदी जसजशी कमी झाली तसतसं नाणं जास्त बोलायला लागलं, असं माझं मत आहे. तिबेरियसला २३ वर्षांत एक खुर्चीवरची बाई पुरली.

---

गोदाकाठ

बाईंचं सगळं वाचलं. नाशिककर म्हणून एक गोष्ट घातल्याशिवाय राहवत नाही, कारण चांदीवरचं तोंड आणि त्यावरचा घाव याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्याकडचा आहे.

पेरिप्लस हे पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं व्यापारी टिपण. त्यात भडोचच्या बंदरात आणायच्या मालाच्या यादीत सोन्याचे आणि चांदीचे देनारियस आहेत, आणि पुढे साफ लिहिलंय की स्थानिक नाण्यांत बदलताना त्यावर नफा सुटतो. पैठण आणि तेर इथून गाड्यांवर माल भडोचला उतरायचा, हेही त्यातच. त्या वेळी या भागावर क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप (सुभेदार-राजा) नहपानाचं राज्य. त्याने चांदीची नाणी पाडली, त्यावर स्वतःचं तोंड आणि काठावर ग्रीक अक्षरांत नाव. अक्षरं ग्रीक, शब्द प्राकृत! त्या मुखवट्यांवर रोमन नाण्यांची छाया काही अभ्यासकांना दिसते, मलाही दिसते, पण मी काही तज्ज्ञ नाही.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० च्या वर नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाणं वितळवलं नाही, चांदी तीच ठेवली, फक्त नहपानाच्या तोंडावर डोंगर ठोकला. काहींवर डोंगराखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

म्हणून बाई, "हद्दीत तोंड, हद्दीबाहेर टंच" याला आमची पुरवणी: हद्द बदलली की तोंड बदलायचं आणि टंच तोच ठेवायचा. हाच नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात दानलेख कोरताना ३५ कार्षापणांना (चांदीची नाणी) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) असा भाव लिहून ठेवतो. दान करतानाही हिशेब पक्का.

ज्यांना जमेल त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथे जरूर जावं.

---

निवृत्त_बाई

गोदाकाठ, पुरवणी मंजूर. खानसाहेबांना निषेध हवा होता ना, तो हा. गौतमीपुत्राने केला आणि चांदी वाया न घालवता केला.

---

नवखा_संग्राहक

मस्त चर्चा. असं एखादं घ्यायची इच्छा झाली आहे. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत "अस्सल रोमन देनारियस" दिसतात. घ्यावेत का? आणि कायद्याने चालतं का?

---

निवृत्त_बाई

पाचशेत तिबेरियस येत नाही, तिबेरियसचा प्लास्टरचा पुतळासुद्धा येणार नाही. कायद्याचं थोडक्यात: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना साठा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. लपवाल तर गुन्हा. घ्यायचंच तर परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसकट. आणि आधी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणकशास्त्राच्या संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोमन नाण्यांची मोफत ऑनलाइन यादी आहे, तिच्यात छाप जुळवून बघा. खऱ्या-खोट्याचं हुपरीकरांना विचारा.

---

चांदीवाला_हुपरी

मला रोमन कळत नाही, पण ओतीव आणि ठोकीव यातला फरक कळतो. खरं नाणं ठोकीव. तापलेली चकती दोन ठशांमधे धरून वरून हातोडा. म्हणून छाप एका बाजूला सरकतो, कडेला बारीक तडे जातात, अक्षरांच्या पायथ्याशी धातू पसरल्याच्या रेघा दिसतात. नकली बहुतेक ओतीव. त्याच्या कडेवर नख फिरवा, साच्याचा जोड लागतो किंवा तो कानशीनं घासून काढलेला दिसतो. भिंगातून बघितलं तर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे हवेचे खड्डे, आणि अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या, सगळीकडं सारख्याच बोथट. खरं नाणं झिजतं ते उंच भागावर आधी, गाल आणि कान जातात, खोलगट भाग ताजा राहतो. आणि एकाच दुकानात दोन नाणी बघायला मागा. दोन्हींचा छाप त्याच ठिकाणी सरकलेला आणि तडा त्याच जागी असला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

वजन बघाच. साडेतीन ते पावणेचारच्या आत-बाहेर तिबेरियस असतो असं बाईंच्या यादीत दिसतंय; पाच ग्रॅमचा कुणी देत असेल तर तो दानशूर नव्हे.

गिऱ्हाइकाची चौकट झाली. चार नखांची केली, डाग न देता. घावाची बाजू पुढं ठेवायची का बाईची, यावर त्यांच्या घरात अजून ठरलेलं नाही. बायको म्हणतायत खुर्चीवाली बाई पुढं.